चार बोटं

"ह्या त्रिविक्रमाला हात लावील असा माणूस अजून जन्माला यायचाय!" कुंभकोणमच्या भाजीबाजारात, भर गर्दीत, महालिंग मास्टरांनी जाहीर केलं.

शेजारची वांगीवाली म्हणाली, "त्यात काय मोठं? सोवळ्यात आहे तो."

ते खरंच होतं. त्रिविक्रम श्राद्धाचा स्वयंपाकी. सकाळी कावेरीत बुडी मारायची आणि ओलेत्यानं, खांद्यावर पितळी घागर घेऊन, नदीकाठच्या मेलकावेरीहून यजमानाच्या घरी पोचायचं. वाटेत सायकली, केळीचे लोंगर, बसमधून एकमेकांसकट उतरणारे उतारू. कुणाचा स्पर्श झाला की घागर ओतायची आणि पुन्हा नदी. पहिल्या वर्षी तो दिवसातून तीनतीनदा परतला. सहाव्या वर्षी एकदाही नाही. समोरून बैल आला तरी त्रिविक्रम कमरेतून असा काही वळे, की बैलालाच आपण चुकीच्या रस्त्यानं आल्यासारखं वाटे.

महालिंग मास्टर बसडेपोत मेकॅनिक होते. कराटे, कुस्ती आणि काठीचे तमिळ हात एकत्र कालवून त्यांनी 'सर्वयुद्ध' नावाची विद्या काढली होती. ती ते संध्याकाळी भाताच्या गिरणीच्या अंगणात शिकवत. तिथे त्रिविक्रमावर कुणाचाही ठोसा बसेना. त्याच्या ठोशानं मात्र कोंड्याची दोन पोती फुटली.

"तंबी, तू जग जिंकशील!" मास्टर म्हणाले. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

पोत्याला सोवळंओवळं नसतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्रिविक्रमाला जग नको होतं. अठ्ठ्याऐंशी साली तंजावरात खुल्या लढती होणार होत्या आणि जिंकणाऱ्याला कोइमतूरच्या एका कापडगिरणीत नोकरी होती. दुसऱ्यांच्या बापांची श्राद्धं रांधून तो विटला होता.

निघताना आईनं, वेदवतीबाईंनी, पूर्वजांनी बरोबर आणलेल्या, घरातल्या तीनशे वर्षं जुन्या मराठीत आशीर्वाद दिला, "आज सोवळें मोडलें तर मोडूं दे, गा. आजचें श्राद्धाचें पाणी भरायास शेजारच्या रघुपतीस सांगितलें आहे. तूं चांगलें मार. मग येऊन स्नान कर म्हणजे झालें."

पहिला प्रतिस्पर्धी हवेत ठोसे मारून मारून दमला आणि स्वतःच रिंगणाबाहेर गेला. दुसरा मधेच खाली बसला आणि सकाळच्या सहा इडल्या पंचांपुढे ठेवून निघून गेला. त्रिविक्रमाचं बोटही कुणाला लागलं नव्हतं. मास्टर शेजारच्या अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते.

शेवटची लढत नाचियार्कोविलच्या सेतूशी. समया ओतणारा कारागीर. खांदे भट्टीच्या तोंडाएवढे. तोही चार मिनिटांत धापा टाकू लागला, पाय घसरून गुडघ्यांवर आला आणि डोळे मिटून वाट पाहू लागला.

"मार, तंबी!" मास्टर ओरडले.

त्रिविक्रमानं ठोसा उगारला, वेगानं आणला. सेतूच्या नाकापासून चार बोटांवर तो थांबला. पुन्हा आणला. पुन्हा चार बोटं. आईची परवानगी होती. हाताला ती कुणी कळवली नव्हती.

तिसऱ्या खेपेला सेतूनं एक डोळा उघडला. "अण्णा, मारायचं तर मारा हो. गुडघा सोलवटलाय."

त्रिविक्रम स्वतःच्या मुठीकडे बघत उभा राहिला. सेतूनं थोडी वाट पाहिली, मग नाइलाजानं त्याचे पाय धरून त्याला उताणा पाडला आणि छातीवर बसला. वर्षभरात घराबाहेरच्या कुणाचा त्याला झालेला हा पहिला स्पर्श. पंचांनी दहा आकडे मोजले. त्रिविक्रमाला आठवत राहिलं ते एवढंच, की सेतूचे हात ऊन होते आणि त्यांना समयांच्या साच्यातल्या मेणाचा वास होता.

कोइमतूरला सेतू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर बाजाराच्या बोळात वाट अडवून उभे होते. रात्रभर रचलेलं भाषण त्यांनी सुरू केलं. "तंबी, अरे, तू काय झाला असतास! मद्रास, दिल्ली, जपान..." त्यांनी डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला.

खांदा आपोआप सरकला. घागरीतला थेंब हलला नाही. मास्टरांचा हात हवेतच राहिला, चार बोटांवर.

त्रिविक्रमानं मान खाली घातली.

"मास्टर," तो हळूच म्हणाला, "जरा बाजूला होता का? श्राद्धाचं पाणी आहे."