उतरवलेला स्वार

"नोरीन नको. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या शर्यतीत, घोड्यावर डब्लिनचा तो मोठा जॉकी बसेल. मी बोलून ठेवलंय," डेक्लन प्रेंडरगास्ट म्हणाला आणि फिंटनच्या बायकोनं भाजलेल्या सोडा ब्रेडवर लोण्याचा जाड थर चढवू लागला.

फिंटन कलिनननं चहाचा मग टेबलावर आदळला. "नोरीननं काय घोडं मारलंय?"

"काही नाही रे. चांगली पोरगी आहे. पण शर्यत टीव्हीवर दिसणार. माझ्या खाणीवरची माणसं, बँकेचा मॅनेजर, सगळे बघणार. जरा नाव असलेला माणूस नको का वर?"

"हेरिंग बॉयला, या तुमच्या घोड्याला, तुम्ही इथं आणलंत तेव्हा कुंपण दिसलं की मागच्या मागे वळायचा. मलासुद्धा आपटलंय त्यानं. त्याला उडी मारायला शिकवलं ते नोरीननं. खांदा निखळला तरी पट्टा बांधून बसायची."

"तिचं कामच आहे ते."

फिंटनच्या डोक्यात सणक गेली. तो स्वतः उमेदीची सगळी वर्षं जॉकी म्हणून अडथळ्यांच्या शर्यतीत घोडे पळवत आला होता. त्याच्या घरचा फोन वाजायचा तो बाकी सगळ्यांनी नकार दिल्यावरच. आडमुठे, पाय ओढणारे, कुंपणात घुसणारे घोडे त्याच्या वाट्याला यायचे आणि त्यांच्यासोबत मोडलेली हाडं. एकदाच एक गुणी घोडी मिळाली. भडकून उधळणाऱ्या त्या घोडीला त्यानं हिवाळाभर खपून माणसात आणलं. मोठ्या शर्यतीच्या दिवशी मालकाच्या रंगांचा सदरा घालून तो तयार बसला होता. ट्रेनर आत आला आणि म्हणाला, "सदरा काढ. दुसरा बसतोय." सगळ्यांदेखत त्यानं तो काढला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. घोडी जिंकली. फिंटन तेव्हा फक्त "बरं, सर" एवढंच म्हणाला होता. घोडी गेल्याचं दुःख कधीच ओसरलं. ते "सर" मात्र ट्रेनर झाल्यावरही त्याला डाचत होतं.

"नोरीन बसेल," तो म्हणाला. "नाहीतर माझ्या तबेल्यातून हा घोडा पळणार नाही."

"घोडा कुणाचा आहे, फिंटन?"

"तुमचा. म्हणून तर सांगतोय, घेऊन जा."

प्रेंडरगास्ट हसला. मग फिंटनचा चेहरा बघून थांबला. "शर्यतीच्या लायकीचा एवढा एकच घोडा आहे तुझ्याकडे. बाकीची गाढवं."

"असू देत. गाढवं सांभाळायची सवय आहे मला."

नोरीनला कळलं तेव्हा ती हातातलं फावडं टाकून तरातरा आली. "बॉस, माझ्यासाठी हुतात्मा व्हायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुझा अपमान होता तो."

"माझा होता ना? मग मला विचारायचं! मी उतरले असते, चार शिव्या घातल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा माझ्याच हाताखाली असता. आता घोडाही गेला."

"मी गप्प उतरलो होतो. जन्मभर जळतंय ते."

"ते तुमचं. माझं तुम्ही कसं ठरवलंत?"

तिला न विचारणाऱ्यांत आता फिंटनचाही नंबर लागला होता.

दुसऱ्या दिवशी नव्या ट्रेनरचा ट्रक आला. हेरिंग बॉय ट्रकला लावलेल्या उतरत्या फळीवर पाऊलच ठेवेना. मागच्या पायांवर उभा राहिला, फळीच्या कडेला पाय सोलवटून रक्त आलं. प्रेंडरगास्ट लांबून, बूट सांभाळत हुकूम सोडत होता. ड्रायव्हरनं झाडू उचलून घोड्याच्या पुठ्ठ्यावर हाणला.

"ठेव तो खाली!" फिंटन गरजला. "माझ्या अंगणात घोड्यावर झाडू उगारायचा नाही. आणि तुमच्यातही हिंमत असेल साहेब, तर या पुढे आणि स्वतः चढवा."

प्रेंडरगास्ट जागचा हलला नाही. फिंटनच्या मनात आलं, राहू दे असाच. ट्रक रिकामा परत गेला तर याची चांगली जिरेल. पण घोडा थरथरत होता.

नोरीननं ड्रायव्हरच्या हातातली दोरी काढून घेतली. घोड्याकडे पाठ करून, काहीतरी पुटपुटत ती फळीवरून चालत गेली. घोडा तिच्या मागोमाग चढला. ती बराच वेळ आतच होती. खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"वा, गुणी पोरगी!" प्रेंडरगास्ट म्हणाला. "शर्यत बघायला ये हं. आत सोडायला सांगतो मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं हात पुढे केला, तो फिंटनच्या दिशेनं. फिंटन फळी उचलून खिटी लावत होता. खिटी लागल्यावरही त्यानं हात तिथून काढले नाहीत. प्रेंडरगास्ट आपला हात खिशात घालून गाडीकडे गेला.

ट्रक वळणाआड गेला. नोरीननं नाक पुसलं.

"पुढची कुठली?"

"ती करडी घोडी. पाण्याच्या चराला घाबरते."

"आपटणार मग मी."

"बहुतेक."

नोरीन घोडीला बाहेर घेऊन आली, लगाम मुठीत धरला आणि डावा पाय गुडघ्यात मुडपून मागे उचलला. फिंटननं तिच्या पोटरीखाली तळवा दिला, आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर भार घेतला आणि तिला खोगिरात चढवलं.