कौसल्येचं राहिलेलं बोलणं

कौसल्या गेली त्याच्या पंधराव्या दिवशी काळ्या मुंग्यांनी तिचं राहिलेलं बोलणं घरात आणायला सुरुवात केली. एका मुंगीच्या तोंडात एक शब्द, दिसायला रव्याच्या कणासारखा. तुळशीखालच्या भोकातून रांग निघायची, उंबरा ओलांडून चुलीपाशी, कौसल्या बसायची तिथवर यायची. कण तिथे खाली ठेवला की तिच्या आवाजात ऐकू यायचा.

तिच्या नवऱ्याला, भागवतला, त्याचं फारसं नवल वाटलं नाही. तीस वर्षं दर सोमवारी ती त्या भोकापाशी रवा-साखर घालत आली होती. मुंग्या खाल्ल्या साखरेला जागल्या, एवढंच.

ती गेली त्या सकाळी तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नेमकी वीज आली. भागवत "आलोच" म्हणत चपला अडकवून मोटर चालू करायला गेला. परत आला तेव्हा ती चुलीला टेकून बसली होती आणि थंड पडली होती. कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. बायकोचं तर नाहीच.

पहिल्याच दिवशी उतावीळपणे त्याने एक शब्द चिमटीत उचलला. त्याचा साधा रवा झाला. तेव्हापासून तो हात मांडीखाली दाबून बसायचा. रोज सकाळी घर तिचं वाक्य पहिल्यापासून म्हणायचं, आणि आठ दिवसांत ते इथवर आलं होतं: "अहो, जरा बसा. एवढी वर्षं माझ्या मनात एकच".

नवव्या दिवशी पायरीच्या फटीतून तांबड्या मुंग्या निघाल्या. भागवतच्या पायाला कडकडून चावल्या, रांगेत घुसल्या आणि येणारे शब्द पळवायला लागल्या. तो शेजारच्या सुलभाकडे गेला. ती कौसल्येची मैत्रीण, घरातल्या किडामुंगीच्या बाबतीत तिचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं.

"भाऊजी, बोरिक पावडर कालवून ठिवा," सुलभा म्हणाली. "चिमूटभरच. पण आदी मुंगी कंची हाय ती बगा, मंग..."

"आलोच," भागवत म्हणाला. चपला त्याच्या पायातच होत्या.

त्याने पावडर गुळात कालवली आणि बशी पायरीवर ठेवली. तांबड्या बशीला वळसा घालून गेल्या. काळी रांग मात्र थबकली. या घरचं गोड त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी तोंडातले शब्द पायरीवर ठेवले, गूळ खाल्ला, आणि उरलेला भोकातल्यांसाठी घेऊन गेल्या. शब्द तांबड्यांनी उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर म्हणालं, "जरा बसा. एवढी वर्षं माझ्या मनात एकच". 'अहो' नव्हतं. तो शब्द आणणारी मुंगी तुळशीपाशी पाय वर करून पडली होती. न्याहारीच्या वेळेला 'जरा बसा' गेलं. भागवत बसलेलाच होता.

दुपारी सुलभा डोकावली. तिने बशी पाहिली.

"भाऊजी, तांबडीला शेंगदाण्याचं कूट तेलात कालवून ठिवायचं. गोड काळी खाती."

"हे कवा सांगितलंस?"

"तुमी निगाला तवा. कुंपणापतुर मागनं आले वरडत."

भागवतला स्वतःची लाज वाटली आणि कौसल्येची फार आठवण आली. सुलभाने बशी उचलून नेली आणि जाताना दार ओढून घेतलं नाही.

ऊन उतरेपर्यंत घरात एकच शब्द उरला. 'एकच'. थोड्या थोड्या वेळाने कौसल्या तेवढंच म्हणत होती.

मग तुळशीकडून एक मुंगी आली. एकटीच. तोंडात कण होता. ती कशी कोण जाणे, गूळ न खाता राहिली होती. तांबड्यांच्या मधून वाट काढत ती पायरी चढली आणि उंबऱ्यावर आली. तिथून चुलीपर्यंत चार हात राहिले होते. तांबड्या तिच्या मागोमाग चढत होत्या.

भागवत उंबऱ्यापाशी पालथा झाला. शब्दाला हात लावायचा नव्हता, हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. मुंगीलाच बोटावर घ्यावं आणि अलगद चुलीपाशी सोडावं, म्हणून त्याने तिच्यापुढे बोट धरलं.

बोटाला कालचा गूळ होता. मुंगीने शब्द उंबऱ्यावर ठेवला आणि ती बोट चाटायला लागली.