व्हायोलिनांच्या रजईखालचा ट्युबा

मित्रांनो, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग मी सुरू करतो. मला सवय आहे. मी एक जुना ट्युबा आहे. बँडमध्ये सगळ्यात मागे, एका माणसाच्या मांडीवर जे पितळी धूड बसलेलं असतं ना, ज्याच्या तोंडात अख्खं कलिंगड मावेल, तोच मी. एवढा थोराड असून मांडीवर बसतो, ह्याची मला आजवर कधी लाज वाटलेली नाही.

आधी मी नुसता पितळेचा पत्रा होतो. कारागिरांनी मला ठोकठोक ठोकलं. माझ्या नळ्या वाकवताना चेपू नयेत म्हणून आत गरम डांबर ओतलं. तुमचा कुणी कान पिळला तर तुम्ही घर डोक्यावर घेता, माझी तर आतडी पिळली आहेत. पण त्यातून जो पहिला आवाज निघाला, त्याने कारखान्याच्या काचा थरथरल्या. मुकादम म्हणाला, "हे कार्टं नाव काढणार."

अग्निशमन दलाच्या बँडमध्ये मी पुष्कळ वर्षं गाजलो. मला वाजवायचे आमच्या ताईचे बाबा. पुढे ते निवृत्त झाले, बँडही मोडला, आणि बाबांनी मला ताईच्या हवाली केलं. मला वाजवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. म्हणजे मी माहेरचा. म्हणून तिच्या नवऱ्याला मी आजही जावईबापूच म्हणतो. मला पहिल्यांदा बघून जावईबापू म्हणाले होते, "ह्या खोलीत आपण राहायचं की ह्याने?" आता तेच मला फडक्याने पुसतात आणि पुसताना गुणगुणतात. माणूस सुधारतो.

ताईचं काम जरा निराळं आहे. तयार कपडे मिळतात तसं ती तयार संगीत बनवते. कुठला सिनेमा, कुठली जाहिरात, काही माहीत नसताना चाली करायच्या आणि एका मोठ्या संग्रहात ठेवून द्यायच्या. मग ज्याला गरज असेल तो तिथे येतो, ‘पळापळ’, ‘प्रसन्न सकाळ’, ‘हुरहुर’ असलं काहीतरी शोधतो, पटली ती चाल वापरायचा परवाना घेतो आणि आपल्या वाटेने जातो. चाल घरोघरी ऐकू येते, करणारीला शेजारीही ओळखत नाहीत.

ह्या दुनियेत माझं काम ठरून गेलेलं. जाडा माणूस जिना चढतोय, बोलवा ट्युबाला. हत्ती आंघोळ करतोय, बोलवा ट्युबाला. कुत्र्याने पावाची लादी पळवली आणि मागे बेकरीवाला धावतोय, तिथे तर मीच. खोटं कशाला बोलू, मजा यायची. पण ताईच्या डोक्यात काळजीच्या, धीराच्या, वाट बघण्याच्या चालीही होत्या. तसली एखादी पाठवली की संग्रहात निवड करणाऱ्या बाई साखर पेरून सांगायच्या, "सुंदर आहे हो. पण तुमचं ते हत्तीचं काहीतरी पाठवा ना."

शेवटी त्या बाईंनी करारच पुढे केला. यापुढे ताईने फक्त विनोदी चाली द्यायच्या, दुसरं काही नाही. सही करण्याआधी ताईने एकच सवलत मागून घेतली. खाणीत अडकलेल्या कामगारांवर एक माहितीपट बनत होता, त्याच्यासाठी गंभीर संगीत हवं होतं. "ह्याच्यासाठी एक चाल पाठवते. ती घेतली नाही तर करते सही, मग जन्मभर हत्तीच धुते," ताई म्हणाली.

ताईचे तीन जिवाभावाचे दोस्त आहेत. तिघंही ह्याच धंद्यातले. आक्का पियानोवाली, वयाने सगळ्यांत मोठी. सुतळी ढोलवाला, आणि तो नावासारखाच बारीक आहे. तिसरा गिटारवाला, त्याला सगळे वकील म्हणतात, कारण करारातला बारीक टाइप तो भिंग घेऊन वाचतो. ही मंडळी दर बुधवारी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत जमतात आणि एकमेकांच्या चाली ऐकतात. नियम एकच. ज्याची चाल लागली असेल त्याने भिंतीकडे तोंड करून गप्प बसायचं. समजावून सांगायचं नाही. आक्का म्हणते, "उद्या टीव्हीच्या डब्यात शिरून सांगणार आहेस का, की इथे रडायचं होतं म्हणून?"

तर ताईने खाणीची चाल लावली आणि भिंतीकडे तोंड केलं. सुरुवातीला मी होतो. पहिलाच सूर वाजला आणि सुतळी फिस्सकन हसला.

"काय रे?" आक्का.

"काही नाही. मला वाटलं हत्ती खाणीत पडला."

ताईने मान वळवली नाही, पण तिचे कान लाल झाले. घरी येऊन तिने काय केलं असेल? माझ्यावर व्हायोलिनं घातली. मग आणखी घातली. वर मुख्य सुरासाठी एक चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, बसवला. थंडीत जाड पाहुण्याला तीन-तीन रजया घालाव्यात तसा मला झाकून टाकला. मी आत होतो, पण जावईबापूंनीसुद्धा ओळखलं नसतं.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो, पुढे लागणार आहे. चाल एकटी पाठवत नाहीत. पूर्ण चाल, तिची छोटी आवृत्ती, आणि एक आवृत्ती मुख्य सुराशिवायची. पडद्यावर कुणी बोलत असेल तर मुख्य सूर मध्येमध्ये लुडबुड करतो, म्हणून सिनेमा जोडणारे लोक ही बिनसुराचीच जास्त उचलतात. ती करायला सोपी. संगणकावर मुख्य सुराची पट्टी बंद करायची आणि उरलेलं साठवायचं. साठवलेलं एकदा ऐकायचं, मग पाठवायचं. हे ‘ऐकायचं’ सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे ते कधी ना कधी गाळतात.

ताईने रजया घालायच्या नादात चेलो आणि सगळी व्हायोलिनं एकाच बटणाला बांधून ठेवली होती. चेलो बंद केला, तशी सगळी फौज झोपली. मुदत संपत आलेली, ताई घाईत. न ऐकता तिने पाठवून दिलं. त्या आवृत्तीत उरलो एकटा मी, आणि दोन सुरांच्या मध्ये ताईने घेतलेले श्वास. एरवी ते व्हायोलिनांखाली बुडून गेले असते.

पुढच्याच बुधवारी सकाळी निवडवाल्या बाईंचा फोन आला. ताई चहा गाळत होती.

"अहो, तुमची बिनसुराची आवृत्ती त्यांनी उचलली आहे. सिनेमातल्या सगळ्यात मोठ्या प्रसंगाला लावलीय," बाई म्हणाल्या. "पण मी ऐकली. त्यात नुसता भोंगा आहे. फाईल चुकली का?"

ताईने उघडून ऐकलं आणि गाळणी तशीच ओट्यावर ठेवली. "चुकली," ती म्हणाली.

"मग संध्याकाळपर्यंत बरोबर पाठवा, मी बदलून घेते. नंतर काही करता येणार नाही. आणि हे बघा, माणसं जिवंत सुटतायत असा प्रसंग आहे. लोक हसले तर नाव तुमचं आणि माझं जायचं."

जावईबापू म्हणाले, "बदलून टाक. उगाच कशाला विषाची परीक्षा?" ताईने बदली फाईल तयार केली. पाठवायचं बटण दाबायला बोट नेलं, मागे घेतलं, आणि ती उठून सायकलच्या दुकानावरच्या खोलीत गेली. बरोबर मलाही घेतलं. का घेतलं, तिला विचारा. जिन्यात माझी कड दोनदा आपटली.

तिथे तिने ती चुकलेली आवृत्ती लावली, सिनेमातला प्रसंग कुणालाच सांगितला नाही, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी एकटा वाजायला लागलो. दुसऱ्याच सुराला ताई उठली, बंद करायला धावली. आक्काने तिचं मनगट धरलं. "तोंड भिंतीकडे."

चाल संपली. खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं.

"हां, बोला," आक्का म्हणाली. "काय दिसलं?"

वकील टक्कल खाजवत म्हणाला, "लहानपणी आजोबांच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचो ना, तसं. आतून येतो तसा आवाज."

"सुतळी?"

सुतळी ढोलाच्या काठीशी चाळा करत होता. "मला हसायचं होतं. तयारीत बसलो होतो. पण कुणीतरी लई खोल आहे आणि अजून जिवंत आहे, असं वाटलं. मग कसं हसणार?"

ताई भिंतीकडेच तोंड करून बसली होती. आक्का तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "काय गं, इतके दिवस ह्याला पांघरुणात कशाला कोंडलं होतंस?"

ताईने तिथल्या तिथे फोन लावला. "फाईल चुकलीच आहे," ती बाईंना म्हणाली. "चूक माझी आहे. पण बदलू नका."

"विचार करा हं. लोक हसले तर?"

"तर मला हसतील. राहू द्या."

मित्रांनो, त्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला मीही गेलो. जावईबापूंनी माझ्यासाठी वेगळं तिकीट काढलं, दारवानाशी वाद घातला तो वेगळाच. पडद्यावर अडकलेल्यांना वर काढणारा खाणीचा पाळणा हळूहळू वर येत होता. काठावर बायका उभ्या, बोलत कुणीच नाही. आणि माझा सूर सुरू झाला. ताईने जावईबापूंचा हात असा आवळला की ते पुढे चार दिवस डाव्या हाताने जेवले. कुणी हसलं नाही. सूर, श्वास. सूर, श्वास. पाळण्याचं दार उघडलं, काळाठिक्कर पडलेला पहिला माणूस बाहेर आला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. सुतळी खुर्चीवर चढला होता. तो रडत होता, पण विचारलंत तर डोळ्यात कचरा गेला म्हणेल.

बाहेर एका बाईने ताईला गाठलं. तिचा नवरा त्या पाळण्यातून वर आला होता. "खाली कसं वाटत होतं ते आमचे हे घरी कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. "आज माझ्या कानात म्हणाले, ‘असं वाटत होतं.’" एवढंच बोलून ती नवऱ्यामागे गेली. ताई बराच वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

त्या फक्त-विनोदी कराराचं वकिलाने झकास विमान केलं आणि खिडकीतून सोडलं. निवडवाल्या बाई आता ताईला "तुमचं ते खोल काहीतरी पाठवा ना" म्हणतात, आणि ‘धीर’ शोधलं की संग्रहात पहिला मी येतो. हत्तीही अधूनमधून धुतो. त्यात कमीपणा कसला? हसवणारा माणूस दुसरं काही करू शकत नाही असं समजणाऱ्यांची मात्र मला भारी गंमत वाटते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या, घरातल्या, गल्लीतल्या कुणाला तुम्ही एका कोपऱ्यात बसवून टाकलं असेल, तर बाकीच्यांना गप्प करून एकदा त्याला एकट्याला ऐका. आणि माझ्यासारखा कुणी म्हातारा भेटला तर त्याच्या कळांना तेल द्या, पोटातलं पाणी काढा. तोंडात गोळ्यांचे कागद तेवढे टाकू नका. पुढच्या महिन्यात मला एका सिनेमातल्या समुद्री वादळाला वाजायचंय, तिथे कागद फडफडला तर लोक हसतील.