सरगूरचा टेंपो

किरणकुमारचा बँड मोठा झाला तो म्हैसूरजवळच्या सरगूरच्या जत्रेत, आणि पहिल्या वर्षी तो तिथेच मेलाही असता. समोर चार म्हातारे आणि एक झिंगलेला दारुडा, एवढेच श्रोते. पण हा गडी चिवट. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला, तिसऱ्या वर्षी पुन्हा. तलकाडला नदीकाठच्या वाळूत पाय रुतवून वाजवलं, आसपासची गावं पालथी घातली, पण सरगूर कधी चुकवलं नाही. मानधन म्हणजे शाल आणि नारळ. जेवण भीमसेनांकडे. त्यांचं कापडाचं दुकान, घरात मराठी, म्हणून ते पहिल्याच दिवशी मामा झाले. मामी मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, आणि वर आमटीसारखं सारू वाढायच्या आणि नको म्हटलं तर रागवायच्या.

पाचव्या वर्षी सगळं मैदान त्याची कन्नड गाणी त्याच्याआधी म्हणू लागलं. तो दर वेळी माइकवरून सांगायचा, "बँड आमचा नाही, तुमचा आहे." बोलायला काय जातं? लोकांनी मात्र ते खरं धरलं.

मग बंगळुरूचा एक आयोजक भेटला. म्हणाला, म्हैसूरला तिकीट लावून हॉल भरून दाखवा, पुढची शहरं माझ्याकडे लागली. किरणकुमार हुरळला. सगळ्यांनी नोकऱ्या सांभाळून गाणं चालवलं होतं. ही एक संधी गेली तर बँड मोडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अण्णा, सरगूरच्या लोकांना तिकिटाचं सांगितलंस काय?" म्हैसूरच्या विजयनगर भागात घराच्या गच्चीवर तालीम चालली असताना ड्रम वाजवणाऱ्या अनुषाने, त्याच्या बहिणीने, विचारलं.

"पोस्टर पाठवलंय की. अर्धा हॉल तेच भरतील. तू सुम्ने, गप वाजव गं."

आणि ते आले. संध्याकाळी हॉलच्या मागच्या फाटकाशी टेंपो थांबला आणि त्यातून नवे कपडे घातलेलं निम्मं सरगूर उतरलं, लग्नाला आल्यासारखं. पुढे भीमसेनमामा, मागे मामी, हातात भला मोठा डबा. किरणकुमार आयोजकाबरोबर फाटकाशीच उभा होता. रखवालदाराने तिकीट मागितलं तेव्हा मामांना हसूच आलं.

"तिकीट? अय्यो, आमचाच बँड की तो! किरणा, सांग रे ह्याला. आमी कुठनं आत यायचं?"

आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आयोजक किरणकुमारच्या कानाशी पुटपुटला, "फुकट्यांनी हॉल भरायचा असेल तर पुढचं विसरा."

किरणकुमारच्या मनात आलं, गेला खड्ड्यात हा माणूस, मामांचा हात धरून आत न्यावं. मनात पुष्कळ येतं. तोंडातून निघालं ते असं: "मामा, आज तिकीट लागतंय. काउंटर पुढच्या बाजूला आहे."

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, त्याला कुठे जावं ते कळेना. "हौदा? असं होय? चुकलं मग आमचंच," ते म्हणाले. पुढे जाऊन त्यांनी तिकिटाचा दर वाचला, परत आले आणि एकेकाला हाताने धरून टेंपोत चढवलं. मामींनी डबा मांडीवर घेतला. टेंपो वळून निघाला. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर किरणकुमारला बरं वाटलं असतं.

कार्यक्रम पडला. आयोजकाने जाताना हातही मिळवला नाही, पुढे फोनही उचलला नाही. बँडमधला एक जण गेला, मग दुसरा. उरला तो सरगूरचा आधार. जत्रा जवळ आली तशी लाज गिळून किरणकुमारने फोन लावला. मामा पूर्वीसारखेच गोड बोलले, अनुषाची चौकशी केली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"मामा, जत्रेला आमी येतोच."

"या की. तुमचा रेट किती, तेवढं सांगा. कमिटीत ठेवायला लागतंय."

"रेट कसला, मामा? घरचीच माणसं आपण."

"नको, नको. त्या दिवशी आमाला समजलं नाही, सुम्ने, असंच मागच्या दारानं आलो. आता समजलंय. सांगा."

अनुषा समोर बसून ऐकत होती. मामा थांबून राहिले. दुकानात गिऱ्हाईकासमोर थांबायची त्यांना सवयच होती. शेवटी किरणकुमारने मेल्याहून मेल्यासारखं होऊन एक आकडा सांगितला.

"जास्त झालं," मामा शांतपणे म्हणाले. "थोडं कमी करा की."