रंगाऱ्याच्या कापशीचं लाल करडू

मित्रांनो, सोलापुरात रावजी रंगाऱ्याच्या दारात बांधलेली कापशी नावाची म्हातारी शेळी ती मीच. दात आता नावालाच राहिले आहेत, पण नाक शाबूत आहे आणि मला अभिमान आहे तो नाकाचाच. माणसं डोळ्यांनी बघतात आणि फसतात. आम्ही शेळ्या हुंगून ठरवतो.

मी मोहोळच्या बाजारातली. माझ्या पांढऱ्याशुभ्र अंगावर भुलून रावजीने मला घेतलं. त्याचा धंदा सूत रंगवायचा. विणकर पांढऱ्या लडी आणून टाकत आणि लाल, हिरव्या करून नेत. गल्लीभर सूत वाळत घातलेलं असे. त्यातलं तोंडाशी आलेलं मी चाखून बघे. हिरवं सूत पाल्यासारखं लागत नाही, हे मला तिथेच कळलं. रावजी काठी घेऊन धावे, पण त्याची बायको बजाबाई म्हणे, "मुकं जनावर हाय, जाऊ द्या की." मुकी मी कधीच नव्हते, पण असो.

शेवटच्या वेताला मला एकच करडू झालं. लेक, माझ्यासारखीच पांढरी. जन्मल्याबरोबर मी तिला खुरांपासून कानांपर्यंत चाटलं आणि तिचा वास नाकात पक्का बसवला. आमच्यात नियम कडक आहे. वास ओळखीचा असेल तर दूध, नसेल तर शिंग. याला तुम्ही निर्दयपणा म्हणाल. पण आम्हाला सड दोनच असतात. येणारा-जाणारा पिऊ लागला तर आपलंच पोर उपाशी राहायचं.

लेक उड्या मारायला लागली आणि घात झाला. एका सकाळी गिरणीचा भोंगा वाजला, ती दचकली आणि मागच्या मागे उडून थेट निवत ठेवलेल्या लाल रंगाच्या पिपात पडली. रावजीने तिला बाहेर काढलं, पुसलं आणि माझ्यापुढे उभं केलं. मी हुंगलं. रंगाचा उग्र दर्प! हे कुणाचं पोर? दिली एक ढुशी.

पण आवाज माझ्या लेकीचा होता हो! हाक ऐकली की मी धावत जाई आणि हुंगावं तर समोर तेच लाल परकं पोर. शेवटी दावं तोडून मी लेकीला शोधायला गल्लीत निघाले. पुढे मी ओरडत, मागे ते पोर ओरडत, त्याच्यामागे रावजी. मी थांबले की ते सडाला झोंबे. मी त्याला उडवून लावी आणि पुन्हा लेकीला हाका मारी. शेजारची मल्लव्वा हसून हसून उंबऱ्यावर बसली. मला मात्र काहीच सुचत नव्हतं.

दुपारपर्यंत करडू मलूल झालं. बजाबाई दूध काढून त्याला बोळ्याने पाजायला निघाली, तर मी पान्हा चोरला. परक्या पोरासाठी थेंब द्यायला मी काय वेडी होते? करडाचे पाय लटपटू लागले तसं बजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मरंल की हो लेकरू! कायतरी करा."

रावजी विचारात पडला. सगळा जन्म रंगात गेलेला माणूस. तो म्हणाला, "आलं ध्यानात. ही पांढरी, ते लाल. कसं वळकंल? रंग जुळाय पायजे."

"म्हंजी?"

"आईबी लाल करू."

"येड लागलं का काय तुमास्नी?" असं म्हणत तिनेच माझी शिंगं धरली, कारण दुसरा उपाय तिलाही सुचत नव्हता.

त्याने माझ्यावर तांब्याने रंग ओतला. तो नाकात गेला आणि मी अशी शिंकू लागले की थांबता थांबेना. शिंकताना ढुशी मारता येत नाही, हे त्या दिवशी कळलं. खाली कुणीतरी चुरूचुरू पीत होतं. कोण ते सांगायला नाक जागेवर नव्हतं. सड तटतटले होते, त्यामुळे बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं. लाल पोर अजून तिथेच! मी शिंगं रोखली, पण ते गर्रकन वळून सडाला लागलं आणि त्याची हलती शेपटी माझ्या नाकापाशी आली. अंगाला रंगाचा दर्प होता, पण शेपटीखाली वास होता माझ्या दुधाचा. पोटातून फिरून आलेला, पण माझाच! मित्रांनो, मला केवढा आनंद झाला. मी तिला चाटत सुटले. इतकं कडू लेकरू मी कधी चाटलं नव्हतं, तरी सोडवेना.

रावजी गल्लीत ओरडला, "बगा, रंग जुळला!" तेव्हापासून तो शेळ्यांचा वैद्य म्हणून मिरवतो. लोकही मान डोलावतात. हुंगून कोण बघतंय?

परवा माझी ती लेक व्याली. करडू ओलंच होतं, तोवर रावजी लाल रंगाचं भांडं घेऊन हजर.

"दोगंबी आदीच रंगवून टाकू. मागनं घोळ नगं."

मी लेकीच्या पुढे आडवी उभी राहिले. त्याने ढकललं, मी हलले नाही. तेवढ्यात बजाबाईने त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"थांबा वाईच. आदी तिला चाटू द्या."

म्हणून तुम्हाला विनवते. व्यालेल्या शेळीपाशी घाई करू नका. करडू धुऊ नका, त्याला अत्तर लावू नका. आणि रंगवल्याशिवाय तुमच्या घरातल्या रावजीला चैनच पडत नसेल, तर बाकी अंग रंगवा, पण शेपटीखालची जागा तेवढी कोरी ठेवा. आमचं लेकरू आम्हाला तिथं सापडतं.