आंदणातली लाल गाडी

ज्याला हसायचं होतं त्यानं त्या दिवशी पोटभर हसून घेतलं. मी कुणाला अडवलं नाही. फारकतीची बैठक होती, माझ्या सासरच्या अंगणात. मधे सतरंजीवर माझं आंदण मांडलेलं: हंडा, कळशी, ताटं, समई, शिलाईचं मशीन. त्या गावची रीत अशी, की सून घर सोडून निघाली की तिच्या बापानं लग्नात दिलेलं सगळं पंचांसमोर मांडायचं आणि तिनं एकेका वस्तूवर हात ठेवून 'हे माझं' म्हणायचं. मी सगळ्यांवर हात ठेवला. मग उठले, कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली गेले आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर हात ठेवला. म्हटलं, हीसुद्धा माझी.

गाडी कसली, कोंबड्यांचं खुराडं झालं होतं तिचं. माझे वडील, जीवराम नाना, अमळनेरला एका तेल मिलच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. मालकाच्या मुलानं हौसेनं मुंबईहून दोन दारांची लाल हेराल्ड आणली, बुटकी, पळायला चपळ, स्पोर्ट गाडी म्हणायचे तिला. मुलगा परदेशी गेला, मालकानं गाडी नानांना देऊन टाकली आणि नानांनी, काय बुद्धी सुचली देव जाणे, ती माझ्या लग्नात जावयाला दिली. माझा नवरा रुपचंद. तो वर्षभर डोळ्याला काळा चष्मा लावून धुळ्याच्या रस्त्यांवर मिरवला. गाडीत पाणी घालावं लागतं हे त्याच्या गावीही नव्हतं. ती तापून बंद पडली तशी लोटून कडुनिंबाखाली उभी केली, आणि पुढं दहा वर्षांनी त्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा मलाही तसंच बाजूला लोटलं.

पंचांमधे मोठे चुडामण आबा. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, ने बाई, कोंबड्यांसकट ने. रुपचंदही हसला. भंगार परस्पर जातंय, तेवढीच जागा मोकळी होतेय, असा त्याचा हिशोब.

पण खरी गोष्ट पुढेच होती. माझी रत्ना तेव्हा आठ वर्षांची. पंचांनी ती बापाला दिली. मी अंगण डोक्यावर घेतलं, तेव्हा आबांनी मोठं मन दाखवल्यासारखं केलं. आईला लेकीची भेट बंद नाही, म्हणाले. रोज यावं, दारात भेटावं. फक्त उंबरठ्याच्या आत पाय टाकू नये आणि दिवस मावळायच्या आत गावातून निघावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काय न्याय दिला! अहो, त्या गावाला यष्टी एकच, तीही मुक्कामाची. दिवेलागणीनंतर यायची आणि उजाडायच्या आधी परत जायची. पारोळ्याचा डांबरी रस्ता तिथून इतका लांब, की पायी येऊन-जाऊन दिवस संपावा. हे त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. त्यांनी मला भेट दिली नव्हती, माझी चेष्टा केली होती.

कोर्टात जा म्हणणारे भेटले. तारखा संपेपर्यंत ते रत्नाचं लग्न लावून मोकळे झाले असते. मला रोजची भेट मिळाली होती ना? मग मी ती रोज घेणार होते, त्यांच्या नाकावर टिच्चून.

लोटन मिस्त्रीनं ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी अमळनेरला ओढत आणली. लोटनभाऊ म्हणजे विहिरीवरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, अक्का, हिच्यात पंपाचं डिझेल इंजिन बसवून देतो. मी म्हटलं, मला पाणी उपसायचं नाही, लेकीला भेटायचंय, आहे तेच इंजिन चालू करायचं. तो हसला आणि बाह्या सरसावून कामाला लागला.

त्या गाडीचं पुढचं सगळं तोंडच मडगार्डांसकट उचलून पुढे पडायचं, मग चाकावर बसून काम करता यायचं. एका चाकावर मी, दुसऱ्यावर लोटनभाऊ, आणि खुर्ची टाकून नाना सूचना करायला. इंजिन गंजून घट्ट धरलेलं. प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडलं आणि वाट बघत बसलो. आठवड्यानं गिअरमधे टाकून ट्रॅक्टरनं ओढली तर चाकं फिरायचं नाव घेईनात, नुसती घासत गेली. पुन्हा तेल, पुन्हा वाट. नाना म्हणाले, सोड आता, उंदरांनी वायरीसुद्धा ठेवल्या नाहीत. मी नानांवर अशी कडाडले की ते दोन दिवस तिकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून आले आणि मुकाट्यानं वायरी ओढायला लागले. पुढच्या वेळी ओढली तेव्हा इंजिननं एक गचका दिला आणि ते फिरलं. मी तिथेच धुळीत बसून रडले. लाज कसली त्यात?

बूड तर इतकं सडलं होतं की आत बसून खालचा रस्ता दिसायचा. तेलाचं पिंप कापून त्याचा पत्रा खाली ठोकला, उन्हात गाडी तापली की आत सरकीच्या तेलाचा वास सुटायचा. ब्रेकचं सामान धुळ्याच्या जुन्या बाजारातून नानांनी हुडकून आणलं. गाद्यांमधे पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस भरला, खोळी मी माझ्या मशीनवर शिवल्या. शिवणक्लास चालवते मी, खोळी शिवणं काय अवघड! रंगाच्या वेळी सगळ्या गल्लीला मत फुटलं. बाईमाणसाला लाल गाडी बरी दिसत नाही, पांढरी कर, राखाडी कर. मी लालच दिला. लांबून ओळखू आली पाहिजे, असं माझ्या मनात होतं. कुणाला कशाला सांगू?

नानांनी बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात मला शिकवलं. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडायची आणि कुंपणावर बसलेली रिकामटेकडी मंडळी टाळ्या पिटायची. पिटा म्हटलं. जळगावला जाऊन लायसन काढून आणलं, मग टाळ्या आपोआप थांबल्या.

पहिल्या दिवशी गेले तेव्हा गाव पेंगत होतं. कुत्री मागे लागली, मग पोरं, मग बाया दारांत. मी सरळ सासरच्या दारासमोर गाडी उभी केली आणि हॉर्न दिला. सासू, भागाबाई, बाहेर आली आणि खांबाला धरून उभीच राहिली. मी म्हटलं, रत्नाला पाठवा, मी उंबरठ्याकडे बघतसुद्धा नाही. रत्ना आली. केस विंचरलेले नव्हते. मी दार उघडलं, ती आत बसली आणि माझ्या कुशीत तोंड खुपसून राहिली. सूर्य टेकायला आला तशी मी तिला उतरवलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. उन्हाळा नाही, पावसाळा नाही, सणवार नाही. दुपारचा क्लास सुटला की किल्ली घ्यायची आणि निघायचं. गाडीतच तिची वेणी घातली, गाडीतच पाढे घेतले, मागच्या सीटवर तिला निजवून डोक्यातल्या उवा काढल्या. आमचं घर म्हणजे ती गाडी होती. नाल्याला पाणी असेल तर अलीकडे उभी करून मी कमरेएवढ्या पाण्यातून गेले, पण गेले.

मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. गल्लीत बाभळीचे काटे पडायला लागले. चाक बसलं की मी पदर खोचून सगळ्यांसमोर बदलायची. रुपचंदच्या दुसऱ्या बायकोचे भाऊ आले, त्यांनी गाडीला हात लावून पाहिला, आत डोकावले, आणि विचारलं म्हणे, दाजी, असली गाडी तुम्ही सोडलीच कशी? तिथून त्याची झोप उडाली. कोंबड्यांच्या वेळी जी भंगार होती ती आता त्याच्या डोळ्यात खुपायला लागली. त्यानं पंच बोलावले.

या वेळी बैठक मारुतीच्या पारावर. रत्नाला मी समोर, रस्त्यापलीकडे, गाडीत बसवून आले. नाना माझ्यासोबत. रुपचंदनं तक्रार मांडली, की बाई रोज गाडी घेऊन येते, गावातल्या लेकीसुनांच्या डोक्यात भलतंसलतं भरतं, आणि मुळात गाडी सासऱ्यानं जावयाला दिलेली, म्हणजे जावयाची. चुडामण आबा दाढी खाजवत बसले. मला दिसत होतं, त्यांचं मन तिकडेच कलत होतं. गाडी गेली तर भेट गेली, भेट गेली तर पोर मला विसरणार. माझे हातपाय गार पडले, खोटं कशाला बोलू. पण तोंड माझं कधी गार पडलं नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत रोज या, मी रोज येते. उंबरठा ओलांडला का? अंधार केला का? मग तुमचा शब्द मोडला कुणी? आबा ओरडले, की तोंड सांभाळ, आम्ही गाडी काढून घेऊ शकतो.

आणि तेव्हा रुपचंदला घाई झाली. त्याच्या मेव्हण्याचं लग्न पुढच्या आठवड्यात, नवरदेव मिरवायला गाडी हवी. तो उठून म्हणाला,

"गाडी माले दे आनि पोर तू लई जाय. मिटनं."

गाडीच्या बदल्यात मला पोर घेऊन जायला सांगत होता. भागाबाई लांब उभी होती, तिनं कपाळावर हात मारला. मला एकदम हसू येतंय की रडू तेच कळेना. असं वाटलं, उठून त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात, पोटच्या पोरीला असं बाजारात मांडतो म्हणून. पण मी जागची हलले नाही. थोबाडीत दिली असती तर त्यानं शब्द फिरवला असता. मी नानांकडे पाहिलं. त्या गाडीसाठी त्या म्हाताऱ्यानं वर्षभर हात काळे केले होते. ते गाडीकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, एकदाच.

मी रुपचंदला म्हटलं,

"बठ्ठासना समोर परत सांग."

त्यानं सगळ्यांसमोर परत सांगितलं, आणखी जोरात. मी आबांकडे वळले. म्हटलं, ऐकलंत? पंच म्हणून सांगा, हा शब्द कायमचा का? उद्या त्याचं मन फिरलं तर? आबांना त्याचीच लाज वाटत असावी. मान खाली घालून ते म्हणाले, कायमचा. बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी प्रत्येकाचं नाव घेऊन विचारलं, आणि प्रत्येकाकडून तोंडानं हो म्हणवून घेतलं.

मग मी पारावरून उतरले, रस्ता ओलांडला, गाडीचं दार उघडून रत्नाला म्हटलं, उतर बाळ, दप्तर घे. किल्ली नेऊन रुपचंदच्या हातात ठेवली. पुढे अमळनेरला लोक मला वेडी म्हणाले. एवढी नवी करून आयती दिली, गाडीही ठेवून घ्यायची, भांडायचं होतं अजून. म्हणू देत. एक बिघडलेली गाडी मी उभी केली होती, दुसरीही करीन. आईवाचून वाढलेली पोर नंतर कुठल्या मिस्त्रीकडे न्यायची?

गावाच्या वेशीबाहेर आम्ही तिघं पायी निघालो. ऊन अजून चांगलं होतं. नाना पुढे, मी आणि रत्ना मागे. मागून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता, रुपचंद पोरं गोळा करत असावा. मी मागे वळून पाहिलं नाही. रत्ना मात्र दोनदा वळली. कपाशीच्या शेतापाशी ती माझा पदर ओढून थांबली. तिला पारावरचं काही ऐकू गेलं नव्हतं, आम्हाला वाटेला लावून आपल्याला परतायचंय असंच ती समजत होती. तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

"आई, गाडी देऊन टाकली. आता उद्या तू कशी येशील?"

मी खाली बसले आणि तिला सांगितलं, की उद्या मला यायचंच नाहीये.