दहा लाख अठरा हजार एक्क्याऐंशी

मी जोतीराम मास्तर. कसबा बावड्याच्या शाळेत सातवीला गणित शिकवायचो, आणि माझ्यापुढं कुणी तोंड वर केलं की माझं टाळकं सटकायचं. हे आधीच सांगून टाकतो.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी एक आकडा लिहून ठेवला होता: १०१८०८१. खाली लिहिलं होतं, मूळ संख्या. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. सहा वर्षं तो आकडा कुणाला पुसू दिला नाही. हजाराच्या आतल्या सगळ्या, एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी मी स्वतः भागून बघितलं होतं. एकीनंही भाग गेला नाही. वर्गमूळापर्यंत भागून बघितलं की पुरतं; दहा लाखाचं वर्गमूळ हजार, म्हणून हजारावर थांबलो. वरच्या अठरा हजारांचा विचारच केला नाही. केवढा शहाणा मी!

चौऱ्याहत्तर साली कल्हईवाल्या ख्वाजाभाईंची मुलगी शहाजादी माझ्या वर्गात होती. पोरगी भलती हुशार. एक दिवस उठून म्हणाली, "गुरुजी, त्यो आकडा मूळ संख्या न्हाय." पोरं हसली. मला झोंबलं. माझी अक्कल काढतीस व्हय म्हणून तिला तास संपेपर्यंत उभी केली. कशानं भाग जातो, एवढंसुद्धा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला कावीळ झाली, आणि आठ दिवसांत पोरगी गेली. मी मातीला गेलतो. तिथं मला तो तास आठवलासुद्धा नाही, याची आज लाज वाटते.

शाळा उघडल्यावर ख्वाजाभाई तिची वही घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. शेवटच्या पानावर पोरीनं काय लिहिलंय तेवढं सांगा म्हणाले. त्या पानावर एकच गुणाकार होता. एक हजार नऊ गुणिले एक हजार नऊ. मी तो तीनदा करून बघितला. उत्तर तेच, सहा वर्षं फळ्यावर असलेलं. हजाराच्या पुढची पहिलीच मूळ संख्या, आणि मी तिच्या उंबऱ्यावरनं माघारी फिरलो होतो.

लपवता आलं असतं. बापाला काय कळणार होतं? पण वाटलं, लेकरू तर गेलं, निदान बापाची छाती तरी फुगू दे. मी म्हणालो, "ख्वाजाभाई, तुमची पोरगी बरोबर होती. चुकलो मी."

आता त्यांना बरं वाटेल, या आशेनं मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते वही छातीशी धरून तसेच खाली फरशीवर बसले.

"त्या दिशी घरी येऊन हेच सांगत हुती," ते म्हणाले. "गुरुजी चुकल्यात म्हणली. मी तिच्या कानफटात मारली. म्हटलं, गुरुजी कवा चुकत न्हाईत. जल्मात एकदाच हात उगारला तिच्यावर. त्यो बी याच्यासाठी."